नाव सुचवणारं कुणीतरी हवं

आमच्या वाचनालयातर्फे दरवर्षी गावासाठी काही करणाऱ्या माणसांचा गुणगौरव होतो. त्यांची मानपत्रं मी लिहिते. ग्रंथपालाच्या नोकरीत असताना हे काम माझ्याकडे आलं, निवृत्तीनंतरही राहिलं, आणि आता निवड समितीतही मी बसते. पुरस्कार म्हटला की लोकांना व्यासपीठ आठवतं, शाल-श्रीफळ आठवतं. मला आठवतो तो त्याआधीचा महिना-दीड महिना, जेव्हा आम्ही नावं शोधत फिरत असतो. पुरस्कार चांगला की वाईट हे त्या दिवसांतच ठरतं, अशी माझी पक्की धारणा झाली आहे.

पूर्वी आमच्याकडे छापील अर्ज होता. नाव, शिक्षण, कार्याचा तपशील, मिळालेले सन्मान, सोबत कात्रणं आणि फोटो. अर्ज भरपूर यायचे. पण ज्यांची आम्हाला खरी गरज होती त्यांचा अर्ज त्यात कधीच नसायचा. ज्या बाईचा दिवस दुसऱ्यांच्या कामात सरतो ती स्वतःच्या कामाची कात्रणं कापून ठेवत नाही. आणि ‘मला पुरस्कार द्या’ असं लिहून स्वतःच्या सहीने पाठवायचं, ही गोष्ट आपल्याकडच्या बहुतेक कष्टकरी माणसांना जमत नाही. मग फाइल ज्यांची जाड त्यांचं नाव पुढे जातं. त्यांच्यातही चांगलं काम करणारे असतात, त्यांच्याबद्दल मला आकस नाही. पण अर्ज मागवून बसून राहणारी समिती अर्ज करणाऱ्यांमधूनच निवडते, एवढं साधं हे गणित आहे.

आता आम्ही अर्ज बंद केला. वाचनालयात, रेशन दुकानात, एसटी स्टँडवर आणि शाळांच्या फलकांवर एक कागद लावतो. त्यावर तीन प्रश्न असतात. तुम्हाला कुणाचं नाव सुचवायचं आहे? ते नेमकं काय करतात? आणि दोन महिने ते गावात नसतील, तर कुणाचं अडेल?

तिसऱ्या प्रश्नाने फार फरक पडला. ‘थोर समाजसेवक’ अशी ओळख असलेल्या एखाद्या माणसाबद्दल लिहिताना लोकांना इथे काही सुचत नाही. आणि ज्याचं नाव वर्तमानपत्रात कधी आलं नाही अशा माणसाबद्दल एखादी आठवीतली मुलगी अख्खं पान लिहून देते.

असंच एकदा सरकारी रुग्णालयाजवळच्या एका रिक्षावाल्याने नाव सुचवलं. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका. ते रोज सकाळी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपाशी उभे असतात, असं त्याने लिहिलं होतं. आम्ही जाऊन पाहिलं. आडगावाहून आलेल्या माणसाला रुग्णालयात पहिली भीती आजाराची नसते, कुठे जायचं याची असते. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठल्या खोलीत द्यायचं, एक्स-रे दुपारनंतर मिळतो की दुसऱ्या दिवशी, डॉक्टर ‘बाहेरून’ म्हणाले म्हणजे काय. काका हे सगळं सांगतात. नुसतं सांगत नाहीत, बरोबर जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसत असेल तर रेशनकार्ड, आधार आणलंय का ते विचारतात, योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी नेऊन बसवतात. कागद घरी राहिला असेल तर घरच्यांना फोन लावून कुठल्या पेटीत, कुठल्या पिशवीत शोधायचं तेसुद्धा सांगतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. गळ्यात ओळखपत्र नाही.

आम्ही पुरस्काराचं विचारलं तर म्हणाले, “माझं काय त्यात? मला रस्ते माहीत आहेत, त्यांना नाहीत.”

हे उत्तर मी मानपत्रात जसंच्या तसं घेतलं.

मानपत्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझा जीव त्यात आहे. आपल्याकडे मानपत्राची एक ठरलेली भाषा आहे. ‘समाजसेवेचे व्रत अखंड जोपासणारे, निःस्वार्थ, निगर्वी, दीनदुबळ्यांचे आधारस्तंभ’ वगैरे. ती भाषा सुंदर आहे, कानाला भारदस्त लागते. पण वरचं नाव बदललं तर तेच मानपत्र कुणालाही चालतं. ज्या माणसाने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं एका विशिष्ट कामात घातली, त्याला कुणालाही चालेल असा कागद हातात देणं मला पटत नाही. म्हणून मी विशेषणं काढते आणि क्रियापदं शोधते. काय केलं, कुठे, किती वाजता, कुणासाठी. त्यासाठी त्या माणसाला भेटून भागत नाही, कारण तो स्वतःबद्दल दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. त्याच्या आसपासच्यांना भेटावं लागतं. काकांचं मानपत्र मला मिळालं ते वॉर्डातल्या सिस्टरकडून, केसपेपर काढणाऱ्या कारकुनाकडून आणि बाहेर बाकावर बसलेल्या एका आजीकडून. आजी म्हणाल्या, “पोरगा सोबत नव्हता, पण हा होता.”

आणि त्यांच्या घरी गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. काका सकाळी बाहेर पडतात ते दुपारी परततात. पेन्शन बेताची. घर चालतं ते काकूंच्या शिलाईवर. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. कुठल्या रुग्णाला परतीच्या भाड्याला पैसे नसले तर काका खिशातून देतात, आणि त्या खिशात पैसे काकूंच्या मशीनवरून आलेले असतात. मी मानपत्रात दोघांची नावं घातली. समितीत चर्चा झाली. पुरस्कार एकाला जाहीर झालाय, मग कागदावर दोन नावं कशी? मी अडून बसले. सार्वजनिक कामाचा खर्च बहुतेक वेळा घरातलं दुसरं माणूस उचलतं, आणि ते दुसरं माणूस बहुतेक वेळा बाई असते. तिचं नाव पत्रिकेत ‘सौ.’ लावूनसुद्धा येत नाही. त्या वर्षापासून आम्ही घरच्या माणसांना प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसवत नाही, व्यासपीठावर बसवतो.

समितीतला सगळ्यात कठीण वाद वेगळाच आहे, आणि तो दरवर्षी होतो. पगार घेऊन केलेल्या कामाचा गौरव करायचा का?

पाणी सोडणाऱ्या एका कर्मचाऱ्याचं नाव आलं होतं. उन्हाळ्यात टाकीत पाणी कमी असतं तेव्हा तो उंचावरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आधी उघडतो, पहाटे, म्हणजे खालच्या भागातले पंप सुरू व्हायच्या आत तिथल्या घरांत दोन-चार घागरी तरी भरतात. समितीतले एक जण म्हणाले, तो पगार घेतो, त्याचं कामच आहे ते. त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. पद्म पुरस्कारांच्या नियमांतही डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सेवेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांना पात्र धरत नाहीत. त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे, नाहीतर साहेबलोकच एकमेकांची नावं सुचवत बसतील. पण गावपातळीवर तोच नियम लावला तर अंगणवाडी मदतनीस, सफाई कामगार, पाणीवाला, स्मशानभूमीचा रखवालदार हे सगळे एका फटक्यात बाहेर पडतात. ज्यांच्या हातावर गाव चालतं तेच.

मी त्या बैठकीत आशाताईंचं उदाहरण दिलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. एका बाईला नाही, सगळ्यांना मिळून. गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, कोविडमध्ये दारोदार सर्वेक्षण, हे सगळं ज्या मोबदल्यात त्या करत होत्या त्याला पगार म्हणता येत नाही. पुरस्कारानंतरही त्यांना मानधनासाठी रस्त्यावर उतरावं लागलं, हे आपण पाहिलं आहे. म्हणजे गौरव मोबदल्याची जागा घेऊ शकत नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही करू नये. पण मोबदला अपुरा आहे म्हणून गौरवही नको, हे तर दुहेरी अन्यायाचं झालं.

शेवटी आम्ही आमच्यापुरती एक रेघ ओढली. नेमून दिलेल्या कामाबद्दल नाही, त्या कामातल्या ज्या निवडीने दुसऱ्याचं जगणं सोपं झालं तिच्याबद्दल पुरस्कार. व्हॉल्व्ह उघडणं ही नोकरी, उंचावरच्या वस्तीसाठी पहाटे उठणं ही निवड. त्या वर्षी त्याला पुरस्कार मिळाला. वस्तीवरच्या बायकांनी स्वतः वर्गणी काढून त्याच्या आईला लुगडं नेसवलं. ते आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

मोठ्या पुरस्कारांकडे मी याच नजरेने पाहते. पद्म पुरस्कार 1954 पासून दिले जातात. 2017 च्या पुरस्कारांपासून त्यांची नामांकनं ऑनलाइन मागवली जाऊ लागली आणि सामान्य माणसालाही नाव सुचवणं सोपं झालं. त्यानंतरच्या याद्या वाचताना मला फार आनंद होतो. 2020 च्या यादीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे होत्या, शाळेत न गेलेल्या आणि गावठी वाणांच्या बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या. पाणी अडवून दुष्काळी हिवरे बाजारचा कायापालट करणारे पोपटराव पवार होते. मंगळुरूमध्ये टोपलीतून संत्री विकणारे हरेकळ हजब्बा होते, ज्यांनी त्या कमाईतून गावात शाळा उभी केली. एका परदेशी जोडप्याने संत्र्याचा भाव विचारला आणि भाषा न कळल्याने त्यांना सांगता आला नाही, तिथून त्यांच्या मनाने शाळेचा ध्यास घेतला. अयोध्येचे मोहम्मद शरीफ होते, बेवारस मृतदेहांवर ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार करणारे. कर्नाटकात हजारो झाडं लावून वाढवणाऱ्या तुलसी गौडा होत्या, ज्या कोविडमुळे लांबलेल्या समारंभात, नोव्हेंबर 2021 मध्ये, राष्ट्रपती भवनात अनवाणी चालत गेल्या.

त्या समारंभाची छायाचित्रं आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवली. मी मात्र पुन्हा पुन्हा एकच विचार करते. यातल्या कुणाचंही काम त्या वर्षी सुरू झालेलं नव्हतं. वीस-तीस वर्षं, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त, ते चालूच होतं. कधीतरी कुणीतरी बसून त्यांच्याबद्दल लिहिलं. पद्मच्या नामांकनात कार्याचं वर्णन जास्तीत जास्त 800 शब्दांत करायचं असतं. ते 800 शब्द लिहिणाऱ्याचं नाव आपल्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पण ते लिहिले गेले नाहीत तर पुढचं काहीच होत नाही.

निवडीची आणखी एक पद्धत महाराष्ट्राने पाहिली आहे आणि ती मला आजही आदर्श वाटते. 2000-01 मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यात बक्षीस व्यक्तीला नव्हतं, गावाला होतं. तपासणी समित्या गावात यायच्या, गटारं पाहायच्या, शाळेचं अंगण पाहायच्या, मग गुण द्यायच्या. कागदावरचं काम आणि जागेवरचं काम यांचा ताळा घालायचा तर जागेवर जावंच लागतं. आमच्या छोट्या समितीनेही तेच धरलं. एकाही नावावर न भेटता शिक्कामोर्तब करायचं नाही.

2023 पासून राज्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन महिलांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार देण्याची योजना आली, 31 मे च्या जयंतीच्या निमित्ताने. राज्यात 27 हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. म्हणजे पन्नास हजारांवर बायकांची नावं. मला यातली संख्या महत्त्वाची वाटते. एवढ्या बायकांची कामं दरवर्षी नीट लिहून ठेवली गेली तर महाराष्ट्राच्या गावागावांचा केवढा मोठा इतिहास जमा होईल. त्यासाठी ग्रामपंचायतींनी नावाबरोबर निदान एक पानभर मजकूर जपून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुतणी, भाची, सदस्याची जाऊ अशी नावं येण्याचा धोका आहेच. त्याला उत्तर पुन्हा तेच, गावातल्या चार बायकांनी आधीच दुसरं नाव लिहून दिलेलं असणं.

याच्या अगदी उलट टोकाला विकतचे पुरस्कार आहेत. फोन येतो, ‘आपली राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा.’ एका अंगणवाडी सेविकेला असा फोन आला. ती आनंदाने मला सांगायला आली होती आणि पैसे उसने घेणार होती. मी तिला हात धरून बसवलं आणि सांगितलं की ज्या पुरस्कारासाठी घेणाऱ्याने पैसे द्यायचे असतात तो पुरस्कार नसतो. तिला वाईट वाटलं. वाईट शुल्काचं नव्हतं. आपलं काम अखेर कुणाला तरी दिसलं, असं तिला काही तास वाटलं होतं, ते गेलं. तिचा तो चेहरा पाहून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. एवढी भूक असते माणसाला, कुणीतरी पाहावं याची, आणि त्या भुकेवर कुणी धंदा करावा?

समारंभाबद्दल थोडंच सांगते. पाहुण्यांची भाषणं आम्ही कमी केली. सत्कारमूर्तीबद्दल अध्यक्ष बोलत नाहीत, ज्यांचं काम त्यांनी केलं त्यांच्यातलं कुणीतरी बोलतं. कार्यक्रम संध्याकाळी ठेवतो, म्हणजे कुणाची रोजी बुडत नाही. आणि रोख रकमेऐवजी आधी विचारतो की काय हवं. काकांनी रुग्णालयासाठी एक चाकाची खुर्ची मागितली. होती ती मोडली होती, म्हातारी माणसं जिन्यापर्यंत पाय ओढत जायची. आम्ही ती दिली. काकूंनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, तेव्हा मी शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं काढलं आणि त्या हसल्या.

पुरस्काराचा उपयोग काय, असं मला विचारणारे भेटतात. काम करणारा कामच करतो, त्याला टाळ्या कशाला? काकांच्या बाबतीत काय झालं ते सांगते. आधी रुग्णालयात नवा सुरक्षारक्षक आला की त्यांना हटकायचा, तुम्ही कोण, इथे का घुटमळता? त्यांना दलाल समजून एकदा बाहेर काढलं होतं. पुरस्कारानंतर मानपत्राची एक प्रत सिस्टरांनी स्वतःहून केसपेपरच्या खिडकीशेजारी लावली. आता कुणी हटकत नाही. नवे डॉक्टर त्यांना नावाने हाक मारतात, कारकून त्यांना खुर्ची देतो, आणि मुख्य म्हणजे अनोळखी रुग्ण त्यांच्यावर विश्वास ठेवतो. त्या कागदाने त्यांना मोठं केलं नाही, ते होतेच. पण त्यांना तिथे उभं राहायचा अधिकार दिला.

याची दुसरी बाजूही आहे. सत्कार झाला की आणखी सत्कार होतात. काकांना वर्षभर बोलावणी आली, आणि ज्या दिवशी ते कुठल्याशा कार्यक्रमाला फेटा बांधून बसले असतील त्या दिवशी खिडकीपाशी कुणी नसेल, ही काळजी मला होती. त्यांनी स्वतःच मार्ग काढला. सकाळचं बोलावणं ते घेत नाहीत. आणि बारावीनंतर घरी बसलेल्या शेजारच्या एका मुलाला ते बरोबर नेऊ लागले आहेत, खोल्या दाखवायला, कागद समजावून द्यायला.

या वर्षीची नावं मागवायला आम्ही सुरुवात केली आहे. तुम्ही जिथे असाल तिथे असा एखादा पुरस्कार असेलच, वाचनालयाचा, ग्रामपंचायतीचा, गणेश मंडळाचा. नसला तर पद्मसाठी केंद्राचं राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल आहेच, मुदत पाहून नाव भरता येतं. तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता जे नाव आलं असेल त्याच्याबद्दल एक पान लिहा. अक्षर कसंही असू दे. मोठे शब्द नकोत. ते काय करतात, कधीपासून, आणि ते नसले तर कुणाचं अडेल. दोन-तीन अशा माणसांची नावं द्या, ज्यांना समिती जाऊन विचारू शकेल. पत्ता ठाऊक नसेल तर ते कुठे आणि किती वाजता भेटतात तेवढं लिहा, आम्ही जाऊ.